राखलेल्या रानातलं गवत आणि त्याचे फुटवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या पन्हाळा-शाहूवाडीच्या पट्ट्यात एक विषय हमखास निघतो: यंदा रान कधी बंद करायचं? माझी चार एकर पड आहे आणि दावणीला दोन म्हशी, एक गाय, वासरं. गेली काही वर्षं मी रान राखायच्या आधी आणि राखल्यावर गवताच्या बुडाशी बसून फुटवे बघतोय, जमेल तसं वाचतोय. शेजारी, पाहुणे, दूध संस्थेच्या रांगेत भेटणारी माणसं जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केलेत. एक गोष्ट बहुतेक उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल. उन्हाळ्यात जनावरापुढे पाला पडणार की काड्या, हे रान बंद केलं त्याच दिवशी बरंचसं ठरलेलं असतं.

रान राखायचं म्हणजे गुरं सोडायची बंद करायची, एवढंच ना?

तेवढं केलं तरी गवत वाढतं, पण ते कसलं वाढतं हा खरा प्रश्न आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात चराई थांबवायची, गवताला वाढू द्यायचं, ते उभ्यानं वाळू द्यायचं आणि हिरवं संपल्यावर जनावरांना द्यायचं, याला रान राखणं म्हणतात. आपल्याकडे बरेच जण दिवाळीनंतर कापून गंजी घालतात, काही जण उभ्या गवतात गुरं सोडतात. खाली सांगितलेलं फुटव्यांचं गणित दोघांनाही सारखंच लागू आहे.

आमच्याकडे उसाचं वाडं मिळतं, भाताचं पिंजर आहे. मग गवत राखायची गरज काय?

वाडं कारखाने चालू आहेत तोवर. हंगाम संपला की मार्चनंतर वाडं दिसेनासं होतं आणि जूनच्या पावसापर्यंतचे तीन महिने गोठ्याला जड जातात. जोतिबाची चैत्र यात्रा होते त्या सुमाराला वैरणीचा भाव काय असतो, हे विकत घेणाऱ्याला विचारा. शिवाय वाड्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या पोटात कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून महिनोन्‌महिने एकट्या वाड्यावर म्हैस ठेवणं बरं नाही. पिंजर पोट भरतं, अंगी लागत नाही. या दोन्हींच्या जोडीला चांगलं वाळलेलं पालेदार गवत असलं तर गोठ्याचा उन्हाळा निभतो.

फुटवा फुटवा म्हणता, तो नेमका काय असतो?

एक ठोंब मुळासकट उपटा आणि ओट्यावर घेऊन बसा. जो एकच झुडपासारखा दिसतो, तो हातानं सोडवत गेलात तर दहा-पंधरा वेगवेगळे कोंब निघतात. प्रत्येकाला स्वतःची पानं असतात, बहुतेकांना स्वतःची मुळं. हा एकेक कोंब म्हणजे फुटवा. कुरणात गवत वाढतं म्हणतो तेव्हा दोन गोष्टी घडत असतात: असलेले फुटवे मोठे होतात आणि नवे जन्माला येतात. जुने मरतही असतात, पण ते ठोंबाच्या आत असल्यानं नजरेला पडत नाहीत.

आता त्यातला एक कोवळा फुटवा घ्या आणि दाढीच्या पात्यानं उभा चिरा. पानांच्या घड्या एकात एक बसलेल्या दिसतील आणि अगदी तळाशी, मुळाच्या वर दोन-तीन मिलिमीटरवर, तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसेल. हे वाढीचं टोक. नवीन पान इथूनच निघतं. ते इतकं खाली असल्यामुळे म्हशीनं वरची पानं ओढून खाल्ली तरी फुटवा मरत नाही, चार दिवसांत पुन्हा पान काढतो. प्रत्येक पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो, उसाच्या कांडीवर असतो तसाच. तो जागा झाला की नवा फुटवा.

ऑक्टोबरमधला, तुऱ्यावर आलेला फुटवा असाच चिरून बघा. टोक तळाशी नसतं. कांडं लांबलेलं असतं आणि टोक वर चढून त्याचा तुरा झालेला असतो. या फुटव्याला आता नवीन पान येणार नाही. त्याचं आयुष्य बी पिकवून संपतं.

रान बंद केल्यावर गवताच्या आत काय काय घडतं?

पहिले दोन-तीन आठवडे सगळं छान चालतं. चारून आखूड झालेल्या गवताच्या बुडाशी ऊन पोचतं, डोळे जागे होतात, फुटव्यांची संख्या वाढते, पानंच पानं येतात. या टप्प्यातलं गवत जनावराला सगळ्यात गोड.

मग पानं एकमेकांवर येतात. हिरवं पान उन्हातला लाल प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा अतिलाल प्रकाश बराचसा खाली जाऊ देतं. बुडाशी पोचणाऱ्या उजेडात लाल कमी आणि अतिलाल जास्त झाला की तळाच्या डोळ्यांना तो कळतो. झाडांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते हा फरक ओळखतं. डोळ्याला मिळणारा निरोप साधा असतो: वर गर्दी झालीय, आता फुटण्यात अर्थ नाही. डोळे झोपून राहतात आणि असलेले फुटवे उजेडासाठी उंच जायला लागतात. उंच जायचं तर कांडं लांबवावं लागतं, जाड करावं लागतं. म्हणजे पानाऐवजी काडी वाढते.

वरच्या पानांनी साधारण ९५ टक्के प्रकाश अडवला की हा पालट ठळक होतो, असं उष्ण प्रदेशातल्या गवतांवरच्या कामातून पुढे आलंय. त्यानंतर खालची पानं पिवळी पडतात, कमजोर फुटवे सावलीत मरतात, आणि उरतात ते थोडे पण मोठे, जाड फुटवे. गवताचं वजन वाढतच असतं, म्हणून लांबून बघणाऱ्याला वाटतं रान झकास आलंय. वाकून बुडाशी हात घातला की कळतं, वर हिरवं आणि आत सगळं वाळकं.

तिसरी गोष्ट दिवसमानाची. कोल्हापुरात जूनमध्ये दिवस १३ तासांच्या थोडा वर असतो, डिसेंबरात ११ तासांवर येतो. आपली बरीच डोंगरी गवतं दिवस लहान व्हायला लागले की निसवतात, म्हणून भाद्रपद-आश्विनात सगळा डोंगर एकदम तुऱ्यावर येतो. त्यावेळी जे फुटवे वयानं मोठे आणि दणकट असतात, ते आधी निसवतात. तेव्हा नुकताच जन्मलेला फुटवा मात्र बहुधा पानावरच राहतो. राखायच्या आधी काय करायचं, याचं उत्तर या फरकात आहे.

मग उंच गवत असतानाच रान बंद केलं तर जास्त मिळेल ना? आधी चारून आखूड का करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि मीही एकदा तसंच समजून चाललो होतो. त्या वर्षी जुलैमध्येच रान बंद केलं, आधी चारलंही नाही. गवत खांद्याला लागलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. हस्ताचा पाऊस एका रात्री असा कोसळला की सकाळी अर्धं रान झोपलेलं. वरून चटईसारखं दिसत होतं, उचलून बघितलं तर खाली काळपट, बुरशीचा वास येणारा थर. दिवाळीनंतर कापलं, गंजी मोठी झाली, पण म्हशींनी वरवरचं निवडून खाल्लं आणि गव्हाणीत काड्या राहिल्या. त्या काड्या शेवटी उकिरड्यावर गेल्या.

ब्राझीलमध्ये हे मोजून बघितलंय. तिथे गुरं मोठ्या प्रमाणावर चराऊ कुरणांवर असतात आणि जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ असतो, म्हणून पावसाळा सरताना काही कुरणं बंद ठेवण्याची पद्धत आहे. मिनास जेराइस राज्यातल्या व्हिसोझा आणि उबरलांडिया इथल्या विद्यापीठांनी ब्रॅकिआरिया डेकंबेन्सच्या बॅसिलिस्क या वाणावर बरंच काम केलंय. हे गवत मूळचं युगांडाचं, ऑस्ट्रेलियामार्गे ब्राझीलला गेलेलं. काही तुकडे बंद करण्याआधी अगदी खाली चारून आणि काही उंच ठेवून त्यांनी तुलना केली. उंच ठेवलेल्या तुकड्यांत गवताचं एकूण वजन जास्त भरलं, पण त्यात काडी आणि वाळका भाग जास्त, तुऱ्यावर आलेले आणि मेलेले फुटवे जास्त. आखूड करून राखलेल्यात पानावरचे फुटवे जास्त आणि हिरव्या पानांचा वाटा जास्त.

कारण वर आलंच. आखूड केलं की जुने, वर टोक चढलेले फुटवे कापले जातात, बुडाशी ऊन पडतं, तरुण फुटव्यांची नवी पिढी येते. तुरा यायच्या वेळी ती लहान असते. उंच गवतात जुनी पिढी तशीच पुढे जाते आणि नव्या पिढीला जागाच मिळत नाही.

वजनाच्या मोहात पडू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. जनावर वजन खात नाही, पाला खातं.

किती आखूड करायचं?

मारवेलसारख्या बारीक काडीच्या, पसरणाऱ्या गवताला मूठभर उंची, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर, पुरते. ठोंब करून वाढणाऱ्या पवन्या, डोंगरी अशा गवताला थोडी जास्त, अर्धी ते पाऊण वीत ठेवा. त्यांचा साठा बुडख्यात असतो. खरवडून काढलं तर ठोंब खचतो.

आणि हे एका झटक्यात करू नका. बंद करायच्या आधी तीन-चार आठवडे गुरांची संख्या वाढवून रान हळूहळू उतरवत आणा. एकदम उतरवलं तर पानंच उरत नाहीत आणि गवताला उभं राहायला वेळ लागतो. माझ्याकडे गुरं कमी, म्हणून शेजाऱ्याच्या म्हशी पंधरा दिवस बोलावतो. त्याला फुकट चारा, मला उतरलेलं रान.

कोल्हापुरात कधी बंद करायचं?

एकच तारीख सगळ्या जिल्ह्याला लागू पडत नाही. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळच्या बाजूला जेमतेम ५०० ते ६००. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यावर शेजारच्या तालुक्याचं बघून रान बंद करणं फसतं.

हिशेब उलटा मांडा. आपल्या माळावर ओल कधी तुटते? जांभ्याच्या किंवा उथळ मुरमाड उतारावर परतीचा पाऊस गेल्यावर महिन्याभरात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, वाढ थांबते. थंडीत रात्री गारवा वाढतो आणि ही उष्ण प्रदेशातली गवतं तशीही मंदावतात. तिथून ७० ते ९० दिवस मागे जा. ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे मघा संपून पूर्वा लागते तो सुमार येतो. पन्हाळा, करवीरचा पश्चिम भाग, भुदरगडचा पूर्व उतार, इथे मी हाच काळ धरीन.

गगनबावडा, राधानगरीच्या घाटमाथ्याकडे श्रावणात सूर्यच दिसत नाही. ढगाळ हवेत फुटवे कमी येतात आणि वाढ सावकाश होते. तिथे आठ-दहा दिवस आधी बंद केलेलं चालतं. कागल-गडहिंग्लजच्या कमी पावसाच्या माळावरही थोडं आधी, पण कारण वेगळं: ओल लवकर तुटते.

रान मोठं असेल तर सगळं एकदम बंद करू नका. अर्धं मघात, अर्धं दोन-तीन आठवड्यांनी. आधी बंद केलेलं आधी वापरा, ते लवकर जून होतं. उशिरा राखलेलं वजनानं कमी भरेल, पण मार्च-एप्रिलमध्ये त्यातला पाला तुलनेनं बरा असतो. दुभत्या म्हशीला तेच ठेवा.

कोणतं गवत राखायला चांगलं?

मारवेल. माझ्या मते आपल्या भागात याला तोड नाही. काडी बारीक, वाळल्यावरही जनावर आवडीनं खातं आणि चराई सोसतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलचे सुधारित वाण दिलेत, त्यातला फुले गोवर्धन बऱ्याच जणांना माहीत आहे. बी शोधत बसण्यापेक्षा मुळं असलेले ठोंब आणून पावसाळ्याच्या तोंडाला लावणं सोपं. पवन्याही चांगलं, तुऱ्याच्या सुरुवातीला कापलं तर वैरण सुरेख होते.

नेपियर राखण्याच्या भानगडीत पडू नका. हत्ती गवत काय आणि त्याचे संकरित वाण काय, हे हिरवं कापून घालायचं पीक आहे. तीन महिने उभं ठेवलं तर बांबू होतो. गिनी गवताचंही तेच. उंच वाढणारी आणि खाली राहणारी गवतं यांत फरक किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: वरची पानं ९५ टक्के प्रकाश अडवतात ती अवस्था ब्राझीलमध्ये गिनीच्या मोंबासा वाणात ९० सेंटिमीटरच्या आसपास येते, तर ब्रॅकिआरियाच्या मरांडू वाणात २५ च्या आसपास.

ब्रॅकिआरिया आपल्याला अगदी परकं नाही, ओढ्याकाठचं पॅरा गवत त्याचंच भावंड. डेकंबेन्स कुणी मुद्दाम लावणार असेल तर एक सावधगिरी. त्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात, त्यांनी यकृत बिघडून उन्हात कातडी सोलवटण्याचा आजार होतो, आणि मेंढ्यांना, त्यातही कोकरांना, तो जास्त बाधतो. धनगरांचे कळप जिथून जातात तिथे हे गवत लावण्याआधी नीट विचार करा.

आमच्या माळावर निम्मी कुसळी आहे. ती राखावी का?

कुसळी निसवण्याच्या आधी खाल्ली गेली किंवा कापली गेली तरच कामाची. बी धरलं की तिची टोकदार कुसळं गुरांच्या तोंडात रुततात, मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात. तसला तुकडा राखू नका. गणपतीच्या आसपास तिथे गुरं दाबून चारा, म्हणजे तुरा वर यायच्या आत खुडला जाईल.

युरिया टाकावा का?

फुटव्याचा डोळा जागा व्हायला उजेड लागतो, ओल लागते आणि नत्र लागतं. आपल्या पडीक माळांना कधीच काही घातलेलं नसतं, त्यामुळे थोड्या नत्रानंही फरक दिसतो: फुटवे वाढतात, पानं लवकर येतात. त्याचा खरा फायदा असा की रान थोडं उशिरा बंद करूनही तेवढंच गवत मिळतं, आणि उशिरा बंद केलेलं गवत कोवळं असतं.

हेक्टरी ४० किलो नत्र धरलं तर एकरी १६ किलो, म्हणजे सुमारे ३५ किलो युरिया. ४५ किलोच्या पोत्यात २० किलोच्या थोडं वर नत्र असतं, तेव्हा एका पोत्यात सव्वा एकर होतं. रान बंद केल्यावर आठ-दहा दिवसांनी, जमीन ओली पण पानं कोरडी असताना टाका. धो-धो पावसात उतारावर टाकलेला युरिया ओढ्याला जातो. झऱ्याच्या वरच्या अंगाला टाकूच नका.

युरिया घालून रान लांबवू मात्र नका. नत्र दिलेलं गवत चार-साडेचार महिने राखलं तर ते हमखास लोळतं. शेणखत असेल तर मे महिन्यात पसरा, त्याचं काम सावकाश पण टिकाऊ.

किती रान राखलं म्हणजे पुरेल?

४०० किलो वजनाच्या म्हशीला दिवसाला साधारण १० किलो कोरडा चारा लागतो. त्यातला निम्मा राखलेल्या गवतातून द्यायचा म्हटलं तर ५ किलो. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९२ दिवस, म्हणजे ४६० किलो. उभ्या रानात गुरं सोडणार असाल तर निम्मं तुडवण्यात आणि शेणामुतात जातं असं धरा, मग ९२० किलो उभं हवं.

आपल्या रानात किती आहे ते असं काढा. एक मीटर लांब-रुंद चौकटीतलं गवत कापा, कडक वाळवा, घरच्या काट्यावर तोला. समजा २०० ग्रॅम भरलं. गुंठ्यात सुमारे १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला २० किलो. ९२० किलोला ४६ गुंठे. चौकट एकाच ठिकाणी टाकून भागत नाही, चांगल्या-वाईट मिळून निदान पाच ठिकाणी टाका. कापून गंजी घालणार असाल तर यापेक्षा बरंच कमी रान पुरतं.

गवत लोळलं. आता?

लगेच कापा. पडलेलं गवत उभं राहत नाही, खालचं कुजतं आणि त्याखाली दबलेले फुटवे मरतात. पाऊस चालू असेल तर वाळवण्याच्या नादी लागू नका, हिरवंच कापून घाला.

फुटवे मोजायचे कसे? शास्त्रज्ञांनाच जमत असेल ना?

अजिबात नाही. अर्धा मीटर लांब-रुंद चौकट बांबूच्या कामट्यांची करा. आतले फुटवे मोजा, चारनं गुणा, चौरस मीटरचा आकडा मिळतो. मोजताना तीन ढीग करा: पानावरचे, तुऱ्यावरचे, मेलेले. एकूण आकड्यापेक्षा या तीन ढिगांची वाटणी जास्त बोलते.

फुटव्यांचं वय बघायचं असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. जुन्या टेलिफोनच्या केबलमध्ये रंगीत बारीक तारा असतात. रान बंद करताना एका ठोंबातल्या सगळ्या फुटव्यांना लाल तार सैल गुंडाळा. महिन्यानं जे नवे आलेत त्यांना निळी, पुढच्या महिन्यात पिवळी. गवत संशोधनात हीच पद्धत वापरतात. दसऱ्याच्या दिवशी मी असाच एक ठोंब माझ्या शाळकरी पुतणीला दाखवला. तिनं स्वतःच ओळखलं, काका, तुरे आलेत ते सगळे लालवाले. निळ्या-पिवळ्या तारांचे फुटवे अजून पानावर होते.

वाळलेलं गवत खाऊन दूध कमी होतं. उपाय?

पिकलेल्या डोंगरी गवतात प्रथिनं ३-४ टक्क्यांवर येतात. चाऱ्यातली प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या जिवाणूंनाच नत्र कमी पडतं, पचन मंदावतं आणि जनावर खातंच कमी. म्हणजे गंजी भरलेली आणि म्हैस उपाशी. जोडीला सरकी पेंड द्या, बांधावर शेवरी, सुबाभूळ असेल तर त्याचा पाला द्या. थोड्या पाल्यानंही गवत खाण्याचं प्रमाण वाढतं.

कापून ठेवलेल्या गवतावर युरिया प्रक्रियाही करता येते. १०० किलो कोरड्या गवताला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, दाबायचा, प्लास्टिकच्या कागदानं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवा आणि सवय लावत थोडं थोडं वाढवा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका. युरियाचं उरलेलं पाणी जनावराच्या तोंडी लागेल असं ठेवू नका, ते विष आहे.

डोंगर पेटवला की गवत चांगलं येतं म्हणतात. खरं का?

पेटवल्यावर पहिल्या पावसात बुडाशी मोकळं ऊन मिळतं, म्हणून हिरवळ लवकर दिसते. पण तेच ऊन जुनं गवत कापून किंवा चारूनही मिळतं. आगीत ठोंबाच्या वरच्या अंगाचे डोळे जळतात, पालापाचोळ्यातलं नत्र धुरात जातं आणि उघड्या उतारावरची माती पहिल्याच वळवानं खाली येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या डोंगरांवर रात्री दिसणाऱ्या त्या लाल रेघा बघून आजही पोटात गोळा येतो. त्यात पक्ष्यांची घरटी जातात, ससे जातात, आणि कुणीतरी वर्षभर राखलेलं रानही जातं.

राखलेलं रान म्हणजे उभं जळण. दिवाळीनंतर लगेच कडेनं दहा-बारा फूट रुंद पट्टा गवत कापून मोकळा करा, रस्त्याच्या बाजूनं जास्त. शेजाऱ्यांनी मिळून पट्टा काढला तर निम्म्या श्रमात होतो.

गायरान सगळ्या गावाचं. तिथे हे कसं जमायचं?

चराईबंदी पाळणारी गावं पाळतात, पण सगळं गायरान बंद करायला गेलं की ज्याच्याकडे स्वतःचं रान नाही त्याची शेळी, त्याची म्हैस कुठे जाणार? म्हणून तीन तुकडे पाडून दर वर्षी एकच राखणं मला न्यायाचं वाटतं. ग्रामसभेत ठरवा, तारीख लिहून लावा, आणि कापणीच्या भाऱ्यांत त्या भूमिहीन घरांचा वाटा आधी ठरवा. तो वाटा ठरला की राखण आपोआप होते, कारण मग तेच लोक रानावर डोळा ठेवतात.

राखलेल्या रानात गुरं सोडल्यावर काय बघायचं? पुढच्या पावसाळ्यात गवत दमणार तर नाही?

पहिल्या आठवड्यात गुरं पाला निवडून खातात, नंतर काड्या उरतात. म्हणून सगळं रान एकदम उघडू नका. दोरी किंवा काट्याची आडवण लावून तुकड्या-तुकड्यानं द्या, आधी दुभत्या जनावरांना, मागून भाकड.

मे अखेरपर्यंत जुन्या काड्या रानात उभ्या राहू देऊ नका. मृगाच्या पावसानं डोळे जागे व्हायला लागतात तेव्हा वर जुन्या काड्यांची सावली असेल तर नवे फुटवे कमी येतात आणि उशिरा येतात. उंच राखलेल्या रानात हा त्रास जास्त होतो. उरलेलं विळ्यानं वीतभर खाली कापा, काड्या गोठ्यात अंथरायला घ्या. मग पहिल्या दोन-तीन पावसांनंतर गुरं सोडायची घाई करू नका. ठोंबाला हात घालून हलका ओढून बघा. मुळं धरली नसतील तर अख्खा फुटवा हातात येतो, आणि म्हशीच्या जिभेलाही तो तसाच येतो. पान तुटलं आणि फुटवा जागेवर राहिला, की रान चराईला तयार.